छोटी गाडी, लांबचा रस्ता : रॅलीच्या आखणीचा अभ्यास

‘रॅली’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. निवडणुकीच्या दिवसांत तो मोर्चाचा असतो आणि एरवी मोटारींच्या शर्यतीचा. दुसऱ्या अर्थातही एक गोंधळ आहे. रॅली म्हणजे सगळ्यांत जोरात कोण पळतो ते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात आपल्या देशात हौशी लोक ज्या रॅलीत भाग घेतात, ती ‘टीएसडी’ पद्धतीची असते, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर. आयोजक सांगतात की या टप्प्यावर सरासरी ताशी ४५ किलोमीटर ठेवा. तुम्ही उशिरा पोचलात तर गुण जातात आणि लवकर पोचलात तरीही जातात. ही पद्धत मला पहिल्यांदा समजली तेव्हा माझ्या डोक्यात आली ती आमच्या घरची नॅनो. जोरात पळणं तिला कधी जमलंच नाही, पण ठरल्या वेळी पोचणं तिला जमतं.

माझं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेला मंडलात. पैनगंगा ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र. आमच्या घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि हिंदी, आणि आठवडी बाजारात गोंडीही कानावर येते. (१९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आमच्याच जिल्ह्यात होते, त्यामुळे ‘तुम्ही तेलंगणाचे असून मराठी कसं काय बोलता?’ या हॉस्टेलमधल्या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही.) बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी २०११ च्या मार्चमध्ये नॅनो घेतली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची २१ मार्च २०२६ ला संपते. पुढे पाच वर्षं वाढवायची तर गाडी आरटीओत तपासून घ्यायची, फी भरायची. घरात बहुमत गाडी मोडीत द्यावी असं आहे. बाबांची दृष्टी मधुमेहानं कमी झाली आहे, तीन वर्षांपासून ते गाडी चालवत नाहीत. त्यांनी एकच गोष्ट मागितली. मोडीत देण्याआधी या गाडीतून कन्याकुमारीला जायचं.

म्हणजे ही काही स्पर्धा नाही. एक गाडी, तीन माणसं : बाबा, मी आणि माझा आतेभाऊ. पण आखणी मी रॅलीसारखी करायची ठरवली आणि त्यासाठी जे वाचलं, जे मोजलं, ते या लेखात मांडते आहे. आमच्या काकांचं मत आधीच सांगून टाकते. ते म्हणाले, “काहून जातं व बाई एवढ्या दूर? रेल्वे मेली काय?”

रेल्वे आहे. पण काकांच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर १९०७ साली जावं लागेल.

त्या वर्षी जानेवारीत पॅरिसच्या ‘ल मातँ’ या वर्तमानपत्रानं आव्हान दिलं की मोटारीनं पेकिंगहून पॅरिसला कोण येतो ते बघू. १० जून १९०७ ला पाच गाड्या पेकिंगमधून निघाल्या. इटलीचा राजपुत्र शिपिओने बोर्गेझे याची ‘इताला’ सात लिटरहून मोठ्या इंजिनाची होती. ती १० ऑगस्टला पॅरिसला पोचून जिंकली. सगळ्या पुस्तकांत तिचाच फोटो असतो. मला मात्र उरलेल्या चार गाड्या जास्त शिकवून गेल्या. त्यांत दोन छोट्या, दहा अश्वशक्तीच्या ‘द दियाँ-बुतों’ होत्या. एक डच ‘स्पायकर’ होती, तिच्या चालकाकडे पैसे नव्हते आणि शेवटी शेवटी पैशांच्याच भानगडीत त्याला अटक झाली. आणि एक तीन चाकांची ‘काँताल’ होती. ही काँताल गोबीच्या वाळवंटात पेट्रोल संपून थांबली, तिचे दोघे स्वार तहानेनं मरता मरता तिथल्या भटक्या लोकांमुळे वाचले. दोन्ही द दियाँ आणि स्पायकर ३० ऑगस्टला पॅरिसला पोचल्या. म्हणजे वीस दिवस उशिरा, पण पोचल्या.

आता यात छोटेपणाचा दोष किती? काँताल लहान होती म्हणून हरली, असं सरळ म्हणता येत नाही, कारण द दियाँही मोठ्या नव्हत्या. फरक पडला तो इंधन कुठे आणि किती, यात. वाटेवर उंटांच्या पाठीवरून आधीच इंधन पाठवून ठेवलेलं होतं. ज्याची टाकी पुढच्या साठ्यापर्यंत पुरली तो पुढे गेला. बोर्गेझे तर निघण्याआधी घोड्यावरून पेकिंगच्या उत्तरेच्या खिंडी बघून आला होता आणि गाडीच्या रुंदीएवढी बांबूची काठी घेऊन अरुंद जागा मोजल्या होत्या. राजपुत्र होता, पैसा होता, हे खरं. पण बांबूला पैसे लागत नाहीत.

ही परंपरा पुढे बरीच वाढली. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉनचा एक टप्पा मुंबईत संपला होता, तिथून गाड्या ‘चुसान’ या जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेल्या. जिंकली ती ‘हिलमन हंटर’, एक साधी घरगुती गाडी, तीही आघाडीवरच्या सित्रोएनला शेवटच्या दिवशी अपघात झाल्यामुळे. १९७० मध्ये फ्रेंच तरुण ‘टू सीव्ही’ गाड्यांतून पॅरिसहून काबूलला जाऊन परत आले. १९७९ नंतर इराण-अफगाणिस्तानातून जाणारा तो जुना खुश्कीचा रस्ता बंद पडला. २००४ मध्ये सुरू झालेल्या मंगोल रॅलीनं तर छोटी गाडी हाच नियम केला : सुरुवातीला एक हजार सीसीपेक्षा मोठं इंजिन चालायचं नाही आणि मागून मदतीची गाडी येणार नाही. आपल्या नॅनोचंही उदाहरण आहे. व्हेनेसा एबल या ब्रिटिश लेखिकेनं २०१० साली पिवळ्या नॅनोतून भारतात सुमारे दहा हजार किलोमीटर प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. ते मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच शेरा होता, “तिची गाडी नवी होती.”

आमची जुनी आहे, म्हणून आधी गाडीच समजून घेऊ. नॅनोचं इंजिन ६२४ सीसी, दोन सिलिंडरचं, आणि ते मागे आहे. वजन सहाशे किलोच्या आसपास, ताकद ३५ अश्वशक्ती. गिअर चार. पेट्रोलची टाकी फक्त १५ लिटरची, आणि तिचं तोंड पुढच्या बॉनेटखाली. त्यामुळे दर पंपावर उतरून बॉनेट उघडावं लागतं, आणि पंपावरचा पोरगा दर वेळी मागेच जाऊन उभा राहतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक. वायपर एकच. पुढचे टायर १३५ रुंदीचे आणि मागचे १५५ रुंदीचे, म्हणजे स्टेपनीचं माप दोन्हींपैकी एकाशीच जुळणार. यातली प्रत्येक गोष्ट किंमत कमी ठेवण्यासाठी केलेली आहे, आणि प्रत्येक गोष्टीचं आखणीत काही ना काही देणं लागतं.

टाकीपासून सुरुवात करू. माल आणि तीन माणसं भरून आमची गाडी लिटरला १८ किलोमीटर देते, असं धरलं. पंधरा लिटरला २७० किलोमीटर. पण शेवटचे तीन लिटर ‘नाहीतच’ असं मानायचं. उरले बारा, म्हणजे २१६. म्हणून नियम केला की दर २०० किलोमीटरला पेट्रोल, काटा काहीही दाखवो. महामार्ग क्रमांक ४४ वर पंपांची कमतरता नाही, तेव्हा ही काळजी जरा जास्तच आहे हे मला मान्य आहे. पण याच हिशोबातून खर्चही निघतो. जाऊन येऊन ३,१०० किलोमीटर, म्हणजे १७२ लिटर. लिटरला १०७ रुपये धरले तर सुमारे साडेअठरा हजार. आंध्रात पेट्रोल महाग आहे आणि कर्नाटकात स्वस्त, म्हणून अनंतपूरला गरजेपुरतंच घ्यायचं आणि बागेपल्लीच्या पुढे टाकी भरायची. टोलचे पैसे वेगळे, फास्टॅगमध्ये आधीच टाकून ठेवायचे.

दुसरा धडा अंतर मोजण्याचा, आणि हा मला सगळ्यांत आवडला. टीएसडीत गाडीचं मीटर किती खोटं बोलतं हे आधी शोधतात. मीटर किलोमीटर मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजतं. नॅनोच्या मागच्या नव्या टायरचा व्यास साधारण ५०६ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १५९ सेंटिमीटर. टायर पाच मिलिमीटर झिजला की व्यास दहानं कमी होतो, जवळजवळ दोन टक्के. मग खऱ्या ३०० किलोमीटरला मीटर ३०६ दाखवतं. सहा किलोमीटर म्हणजे एखादा फाटा सहज चुकतो. हे तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांपाशी मीटर वाचायचं, दहा दगड पुढे गेल्यावर पुन्हा वाचायचं. आम्ही गुडीहत्नूरच्या अलीकडे हे केलं. मीटरनं १०.२ दाखवले. बाबांनी लगेच वहीत लिहिलं, ‘भाग १.०२ ने.’ शेवटी शिक्षकच ते.

वेगाचं गणित तोंडी करता आलं पाहिजे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर, किलोमीटरला १०० सेकंद. ताशी ४५ म्हणजे किलोमीटरला ८० सेकंद. आमची दिवसाची सरासरी मी ४५ च धरली आहे, थांबे धरून. नॅनो रस्त्यावर सत्तरनं आरामात चालते, पण चहा, पेट्रोल, टोल आणि बाबांचं जेवणाचं वेळापत्रक हे सगळं त्या सत्तरमधून वजा होतं. साडेतीनशे किलोमीटरला आठ तास. त्याहून जास्त एका दिवसात नको.

तिसरी गोष्ट रोडबुक. रॅलीत नकाशा देत नाहीत, वही देतात. तिच्यात प्रत्येक वळणाला एक ओळ : डावीकडे अंतर, मध्ये छोटं चित्र, उजवीकडे टीप. चित्रात गोळा म्हणजे तुम्ही आणि बाण म्हणजे जायची दिशा. हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून या चित्रांना ‘ट्यूलिप’ म्हणतात. तुम्ही विचाराल, मोबाइल असताना ही वही कशाला? मीही विचारलं होतं. कारण बाबांना मोबाइलच्या पडद्यावरची बारीक निळी रेघ दिसत नाही. जाड काळ्या पेनानं काढलेला गोळा आणि बाण दिसतो. आणि शेजारी बसून काही काम नसेल तर ते माझ्या गिअरवरच्या हाताकडे बघत बसतील, हे मला पंधरा वर्षांच्या अनुभवावरून ठाऊक आहे. नेव्हिगेटर हे पद त्यांना दिलं आणि पंधरा दिवसांत त्यांनी हैदराबादपर्यंतची वही पूर्ण केली. तेलुगू पाट्याही तेच वाचतात, मला अजून अडखळायला होतं. तमिळनाडूत दोघंही सारखेच.

टप्पे असे पडले. पहिल्या दिवशी निर्मलचा महबूब घाट उतरून मेडचलपर्यंत, सुमारे ३०० किलोमीटर. हैदराबादेत शिरायचं नाही, पहाटे बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यानं शहर टाळायचं. दुसऱ्या दिवशी अनंतपूर, तिसऱ्या दिवशी बेंगळुरूला वळसा घालून कृष्णगिरी, चौथ्या दिवशी मदुराई, पाचव्या दिवशी कन्याकुमारी. पाचवा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे, २४५ किलोमीटरचा, कारण आधीच्या चार दिवसांची चूकभूल तिथे भरून निघावी. एक दिवस मुक्काम, मग तसंच परत. एकूण अकरा दिवस.

यात चौथ्या दिवशीचा एक तुकडा मी लाल पेनानं खुणावला आहे. धर्मपुरीहून सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. दक्षिणेकडे जाताना तो उतार आहे आणि अपघातांसाठी बदनाम आहे. लहान ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि मग धरत नाहीत. त्यामुळे उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकायचा आणि इंजिनलाच गाडी आवरू द्यायची. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतील, वाजवू देत. याचा सराव आम्ही महबूब घाटात तीनदा केला. आतेभाऊ खाली पोचल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघायचा. तिसऱ्या खेपेला म्हणाला, “आता जमलं व ताई, कोमट आहे.”

आता खरी अडचण. बाबा इन्सुलिन घेतात. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे बाहेर राहू शकते, पण तापमान तीस अंशांच्या वर जाता कामा नये. न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवायच्या, आणि गोठू द्यायच्या नाहीत. आता नॅनोचं इंजिन कुठे आहे ते आठवा. सामान ठेवायची जागा बरोबर त्याच्या डोक्यावर. निर्मलच्या चाचणीत मी तिथे थर्मामीटर ठेवला होता. दोन तासांनी त्यानं ४३ दाखवले. पुढच्या सीटच्या पायांपाशी त्याच वेळी २९ होते. मी हा आकडा घरी सांगितला तेव्हा आई काही बोलली नाही, आणि आमच्या घरात आई गप्प बसली की ठराव नामंजूर.

म्हणून एक आठवडा फक्त याच प्रश्नावर घालवला. बर्फाची पेटी घ्यायची तर बर्फाला चिकटून कुपी गोठायची भीती. मग कुंभाराकडून दोन मडकी आणली, लहान मडकं मोठ्यात, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. आदिलाबादच्या कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा सात अंशांनी कमी राहिलं. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, शाळेत सगळेच शिकतो. पण समुद्राजवळच्या दमट हवेत पाणी नीट वाळत नाही, तेव्हा मदुराईच्या पुढे मडकं निकामी होणार हेही त्याच धड्यात आलं. त्यामुळे ठरलं असं : वाटेत वापरातली एकच कुपी मडक्यात, पुढच्या सीटपाशी. एक न उघडलेली थर्मासात, कापडात गुंडाळून, बर्फाला न टेकता. पाचही मुक्कामांच्या लॉजला फोन करून फ्रिज आहे का ते विचारलं, आणि जिथे नाही म्हणाले ते लॉज बदललं. शिवाय प्रत्येक टप्प्याच्या मोठ्या गावातल्या एकेका औषध दुकानाचं नाव रोडबुकच्या टिपेत. डॉक्टरांना ही वही दाखवली. त्यांनी गोड बिस्किटं हाताशी ठेवायला सांगितली, साखर उतरली तर लागतील म्हणून, आणि परवानगी दिली. आईनं वही स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग विचारलं, “आणि तू कधी जेवशील?” तो रकाना मी नंतर वाढवला.

तारखेचं सांगायचं राहिलं. नाताळच्या सुट्टीत जाता आलं असतं, पण तेव्हा आतेभावाच्या शेतात कापसाची वेचणी असते, आणि शबरीमलेच्या यात्रेकरूंमुळे कन्याकुमारीत खोली मिळणं कठीण. जानेवारीत केस्लापूरला नागोबाची जत्रा, ती सोडून आमच्याकडचं कुणी गाव सोडत नाही. या जत्रेचं नियोजनही बघण्यासारखं आहे. मेश्राम कुळाचे लोक आधी गावोगाव जाऊन निरोप देतात, मग अनवाणी चालत जन्नारमकडच्या गोदावरीच्या डोहातून पाणी आणतात, आणि पुष्य अमावास्येच्या पूजेला बरोबर पोचतात. मुक्कामाची गावं ठरलेली, झाडंसुद्धा ठरलेली. लवकर पोचून उपयोग नाही, उशिरा पोचून चालत नाही. टीएसडीचं याहून चांगलं उदाहरण मला युरोपच्या कुठल्याही रॅलीत सापडलं नाही.

मार्च नको, कारण ऊन, आणि नोंदणीही संपते. म्हणून ७ फेब्रुवारी, शनिवार. अकरा दिवसांनी माझी हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जात नाही, हे मी मोजून ठेवलं आहे.

मिस्त्रींनी पंख्याचा पट्टा, क्लचची केबल, प्लग आणि कूलंटचा पाइप बदलला आहे. जुना पट्टा चांगला आहे म्हणून तो सुटा भाग म्हणून बरोबर घेतोय. विमा आणि प्रदूषणाचा दाखला एप्रिलपर्यंत चालतात. पुढच्या मापाचा एक आणि मागच्या मापाचा एक असे दोन जास्तीचे टायर हवेत, त्यातला मागचा अजून मिळालेला नाही. आदिलाबादेत दोन दुकानांत नाही म्हणाले, नागपुरात एकानं आठ दिवसांनी फोन करायला सांगितलं आहे. या गुरुवारी ते आठ दिवस होतात.